समित्या उदंड, विद्यार्थी वाऱ्यावर!

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. २००१ साली हीच संख्या ५,४२५ होती. २०२२ च्या यादीत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला आहे, ही तर आपल्या सर्वांना मान खाली घालायला लावणारी गोष्ट. या दोन दशकांत कायदे कमी पडले, असे मात्र कोणालाही म्हणता येणार नाही.

रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्राने १९९९ सालीच केला. २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्याचा बळी गेला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी विनियम आणले. लैंगिक छळाच्या प्रतिबंधासाठी २०१३ चा कायदा आला, पाठोपाठ २०१५ चे विनियम आले. २०२३ साली तक्रार निवारणासाठी समिती आणि तिच्यावर लोकपाल अशी रचना झाली. यातील एकही तरतूद अनावश्यक नाही. प्रत्येकीच्या मागे कोणाचे तरी अश्रू आहेत.

प्रश्न आहे तो हे सारे राबवणार कोण, हा! बहुतेक महाविद्यालयांत उत्तर एकच मिळते. दिवसभर तास घेणारा एखादा प्राध्यापकच विद्यार्थी विकास अधिकारी असतो. रॅगिंगविरोधी समितीत तोच, तक्रार निवारण समितीत तोच आणि नॅकच्या धारिका रचणाराही तोच. हे काम म्हणजे त्याच्या लेखी ‘अतिरिक्त कार्यभार’. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त आणि अध्यापन तासिका तत्त्वावर! जो पुढच्या वर्षी असेल की नाही हे त्यालाच ठाऊक नाही, त्याच्यापाशी विद्यार्थ्याने मन मोकळे कसे करावे?

परिणामी कायद्याचे पालन म्हणजे कागदाचे पालन, असे समीकरण रूढ झाले. समितीच्या नावांचा फलक प्रवेशद्वारी लागतो, हमीपत्रे भरून घेतली जातात, इतिवृत्ते लिहिली जातात. तपासणीला येणाऱ्याचे समाधान होते. गावाकडून शहरात आलेला, इंग्रजीच्या धास्तीने वर्गात मूक झालेला, खोलीभाड्याच्या विवंचनेत असलेला मुलगा मात्र त्या फलकावरून नजर फिरवून पुढे निघून जातो. त्याला समिती नको असते, माणूस हवा असतो.

विद्यार्थ्यांचा आवाज पोहोचवणारी दुसरी वाट होती ती निर्वाचित विद्यार्थी परिषदेची. १९८९ साली मुंबईत विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे हिंसाचाराचे कारण देऊन निवडणुकाच बंद झाल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेवर आधारित नामनिर्देशन आणले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू केल्या. खर्चाला मर्यादा, उमेदवाराला हजेरीची अट, गुन्हेगारांना मज्जाव अशी चौकट तयार झाली. १ मार्च २०१७ पासून लागू झालेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूदही केली. पण २०१९ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर त्या लांबणीवर पडल्या आणि २०२० मध्ये करोना आला. कायद्याने दिले, प्रशासनाने अडवले!

निवडणुका आल्या की गुंडगिरी येते, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. परंतु अठराव्या वर्षी देशाचे सरकार निवडणाऱ्या तरुणाला वर्गप्रतिनिधी निवडण्याची अक्कल नाही, असे मानणे हा त्याचा अपमान होय. घरात उंदीर झाले म्हणून कोणी घर जाळत नाही.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे निर्देश दिले. निर्देश स्वागतार्ह आहे. पण पद मंजूर करून वेतनाची सोय केली नाही, तर काय घडेल हे सांगायला ज्योतिषी नको. मानसशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाला आणखी एक ‘अतिरिक्त कार्यभार’ मिळेल आणि फलकावर आणखी एक नाव चढेल. आडातच नाही, तर पोहऱ्यात येणार कुठून?

म्हणून शासनापुढे मागणी स्पष्ट हवी. नवा नियम आणताना त्यासोबत पूर्णवेळ माणूस आणि निधी द्या, आणि विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका लिंगडोह चौकटीत वेळेवर घ्या.

समाजालाही हात झटकून मोकळे होता येणार नाही. पाल्याच्या प्रवेशावेळी शुल्क आणि निकालाची टक्केवारी विचारणाऱ्या पालकांनी आणखी तीन प्रश्न विचारावेत. समुपदेशक पूर्णवेळ आहे काय? तक्रार समितीची बैठक शेवटची केव्हा झाली? विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी कोणी निवडला? माजी विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातील महाविद्यालयात जाऊन हेच विचारावे. गुरुकुलाचा गौरव भाषणांतून गाणाऱ्या समाजाने, त्यात गुरू शिष्याला नावानिशी ओळखत असे, एवढे तरी स्मरावे. विद्यार्थ्याला ओळखणारा एक माणूस उभा करणे हे आजचे कर्तव्य आहे. फलक पुष्कळ झाले!