सकाळपर्यंत बघू



बरेच दिवस लिहिणं झालं नाही. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग नुसता आळस. पण परवा पुतण्याची मुलगी बाराखडी गिरवायला माझ्याजवळ येऊन बसली आणि इतकी वर्षं टाळलेलं लिहायला घेतलं.

हिची आई २०२१ च्या एप्रिलमध्ये गेली. करोना झाला तेव्हा सातवा महिना संपत आला होता. बोटाला लावायच्या यंत्रावर ९२ आकडा होता. घरातला मोठा म्हणून मला विचारलं. मी म्हणालो, "एवढ्या रात्री कुठं नेता, सकाळपर्यंत बघू." पोरगी बोलत होती, चहा घेतला होता. सकाळी आकडा ८० च्या खाली. सोलापूरला नेलं, व्हेंटिलेटर लावला, सिझर करून लेकरू वाचवलं. नवव्या दिवशी डॉक्टरांनी 'एक्मो' हा शब्द काढला. पुण्यात ते यंत्र आहे, पण आता ही प्रवास सोसणार नाही, म्हणाले.

पुढे मी त्यावर मिळेल ते वाचलं. मी बी.ए. मराठीवाला, तेव्हा कुणी डॉक्टर असाल तर चुकलेलं सांगा. मांडीच्या किंवा मानेच्या मोठ्या शिरेतून रक्त बाहेर काढायचं, यंत्रातल्या पडद्यावरून नेऊन त्यात प्राणवायू मिसळायचा, कार्बन डायऑक्साइड काढायचा आणि परत शरीरात सोडायचं. रोग त्यानं बरा होत नाही, फुप्फुसाला सावरायला मुदत मिळते. २००९ च्या स्वाइन फ्लूत ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या १२ बायकांना हे लावलं, त्यातल्या ८ वाचल्या. मात्र व्हेंटिलेटरवर आठवडा उलटला की उपयोग कमी होत जातो.

म्हणून "धाराशिवला एक्मो आणा" असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. ते यंत्र चोवीस तास शिकलेल्या माणसांच्या हाताखाली चालतं. रक्त गोठू नये म्हणून औषध द्यावं लागतं आणि त्यानंच रक्तस्राव होण्याची भीती. वर्षाकाठी एखाददुसरा रुग्ण आला तर हात कसा बसणार? यंत्र पुण्या-मुंबईतच राहू द्या. आपल्याला हवी आहे ती वेळेवर पाठवणी.

गरोदरपणात पोट वर सरकतं, फुप्फुसाला जागा कमी पडते, आणि प्राणवायू तर जास्त लागतो. शिल्लक थोडी, खर्च मोठा. म्हणून गरोदर बाईला ९५ च्या खाली नको. हे त्या रात्री मला कुणी सांगितलेलं नव्हतं. प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर हे मोठ्या अक्षरात हवं. कोणत्या आकड्याला १०८ ला फोन करायचा, सोलापुरात कोण घेणार, आणि व्हेंटिलेटर लागला त्याच दिवशी एक्मोवाल्यांना कुणी कळवायचं, तेही लिहिलेलं हवं. परंड्याच्या किंवा उमरग्याच्या पोरीला नवव्या दिवशी ते नाव कळून काय उपयोग?

गरोदर बायकांना करोनाची लस खुली व्हायला २ जुलै २०२१ उजाडला. आमच्या पोरीला ती मिळणारच नव्हती. फ्लूची लस मात्र गरोदरपणात चालते. घरात कुणाला दिवस गेले असतील तर डॉक्टरांना जरूर विचारा.

त्या रात्री नेली असती तर वाचलीच असती असं डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण मी काय बोललो होतो ते पुतण्यानं कधी काढलं नाही, आणि मीही नाही. तो हे वाचतो.