सडव्यातला गूळ आणि कायद्यातले फूल

खास प्रतिनिधी
चंद्रपूर

मार्च उजाडला, की चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात पहाटेपासून मोहाच्या झाडाखाली टोपल्या दिसू लागतात. त्यानंतरच्या काही आठवड्यांत पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकांत एक ठरलेले वाक्य येते : अमुक गावाच्या शिवारात धाड, इतके लिटर मोहसडवा नष्ट, इतक्या रुपयांचा मुद्देमाल जप्त. लिटर मोजले जातात, रुपये मोजले जातात. सडव्यात मोहफुलाखेरीज आणखी काय होते, याची नोंद मात्र या पत्रकांत क्वचितच आढळते. वास्तविक या दोन जिल्ह्यांतील दारूच्या प्रश्नाचा मोठा भाग त्याच न नोंदलेल्या बाबीत दडलेला आहे.

मडक्यातले रसायन

वाळलेल्या मोहफुलात निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. फुले पाण्यात भिजत घातली, की फुलांवरचेच नैसर्गिक किण्व कामाला लागते आणि काही दिवसांत साखरेचे मद्यार्कात रूपांतर होते. या आंबलेल्या मिश्रणाला सडवा म्हणतात. तो चुलीवर तापवून निघणारी वाफ थंड पाण्याच्या भांड्याने गार केली, की मोहाची दारू मिळते. परंपरेने या प्रक्रियेत फूल, पाणी आणि विस्तव यांपलीकडे काही लागत नाही. गोंड आणि माडिया समाजात देवपूजेपासून लग्नापर्यंत आणि जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या विधींत या दारूला स्थान आहे, ते याच स्वरूपात.

विक्रीसाठी लावलेल्या भट्टीचे गणित वेगळे असते. तेथे सडव्यात गूळ पडतो. एक किलो साखरेपासून शास्त्रीयदृष्ट्या जास्तीत जास्त अर्धा किलो मद्यार्क मिळू शकतो. म्हणजे जितका गूळ अधिक, तितका माल अधिक. त्यानंतर येतो नवसागर. कल्हईवाला भांड्याला कल्हई लावताना जी पांढरी पूड वापरतो, तीच ही. रसायनशास्त्राच्या भाषेत हा अमोनियम क्लोराइड. त्यातील नायट्रोजन हे किण्वाचे खाद्य असल्याने आंबवण जलद होते आणि आठवड्याचे काम काही दिवसांत उरकते. काही ठिकाणी याच कारणासाठी शेतातला युरिया वापरला जातो.

हौस आणि धंदा

साध्या पदार्थात बाहेरची भर घालून पेय हवे तसे घडविणे, ही काही जंगलातील भट्टीवाल्यांचीच कल्पना नव्हे. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत घरी बिअर बनविण्याचे तयार संच दुकानांत मिळतात. माल्टचा दाट अर्क आणि किण्वाची पुडी एवढाच त्यातील ऐवज. हौशी मंडळी त्यावर समाधान न मानता मध, संत्र्याची साल, धने, फळांचा रस असे काही ना काही त्यात घालतात. मद्यार्क वाढावा म्हणून जादा साखर आणि किण्वाला बळ मिळावे म्हणून नायट्रोजनयुक्त पोषकही घालतात. या दोन वस्तूंचे काम आणि आपल्याकडील गूळ व नवसागराचे काम तत्त्वतः एकच आहे.

फरक दोन बाबतींत आहे. पहिला असा, की बिअर केवळ आंबविली जाते, तिचे ऊर्ध्वपातन होत नाही. मोहाची दारू गाळलेली असते आणि म्हणून अधिक तीव्र असते. दुसरा फरक कायद्याचा आहे. ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरवरील परवान्याची अट काढून टाकली. अमेरिकेत १९७८ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने एका प्रौढाच्या घरासाठी वर्षाला १०० गॅलन आणि दोन वा अधिक प्रौढांच्या घरासाठी २०० गॅलन अशी मर्यादा घालून घरगुती बिअर करमुक्त केली. विकण्यास मात्र परवानगी दिली नाही. तेथील राज्यांना आपापले नियम ठरविण्याची मुभा राहिली आणि अलाबामा व मिसिसिपी या राज्यांनी तर २०१३ मध्ये घरगुती बिअरला मान्यता दिली. घरासाठी किती आणि विक्रीसाठी कुठून, ही रेषा त्या कायद्यांनी आखली. महाराष्ट्राच्या कायद्यात अशी रेषा नाही. येथे परवान्याविना बिअरचा संच वापरणारा शहरी हौशी आणि सणासाठी मडके लावणारी आदिवासी गृहिणी, दोघेही मद्यनिर्मितीच्या एकाच मनाईखाली येतात.

विष येते कोठून?

हातभट्टीची दारू म्हणजे विषारी दारू, असे समीकरण सर्वसामान्यांच्या मनात बसले आहे. या समीकरणाची फोड करणे आवश्यक आहे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरहून अधिक बळी गेले. २०२२ मध्ये गुजरातच्या बोटाद परिसरात आणि २०२४ मध्ये तमिळनाडूतील कल्लाकुरिची येथे तशाच दुर्घटना घडल्या. या तिन्ही घटनांत मारक ठरले ते मिथेनॉल, म्हणजे कारखान्यांत वापरले जाणारे औद्योगिक रसायन. ते सडव्यात तयार झाले नव्हते; धंदा करणाऱ्यांनी ते बाहेरून आणून दारू म्हणून विकले होते. मोहफुलाच्या आंबवणीतून अशा प्रमाणात मिथेनॉल निर्माण होत नाही.

याचा अर्थ सडव्यातील इतर भर निर्धोक आहे असा नाही. नवसागर स्वतः वाफेबरोबर फारसा पुढे जात नाही. परंतु हा आम्लधर्मी क्षार धातूचे भांडे खातो. मातीचे मडके जाऊन ॲल्युमिनियमचे पिंप आले, तेव्हापासून हा धोका वाढला. युरियाची गोष्ट अधिक गंभीर आहे. मद्यार्काच्या सान्निध्यात युरिया तापविला गेला, की इथाइल कार्बामेट नावाचे संयुग तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते मानवात कर्करोग निर्माण करण्याची दाट शक्यता असलेल्या गटात घातले आहे. पिणाऱ्याला ना ते दिसते, ना त्याचा वास येतो.

अर्थात निव्वळ फुलाची दारूही दारूच असते. तिच्या अतिसेवनाने यकृत बिघडते, मजुरी बुडते, घरात मारहाण होते. भेसळ नसली म्हणजे दारू निरुपद्रवी, असा निष्कर्ष येथे कोणी काढू नये. मुद्दा इतकाच, की घरचे मडके आणि विक्रीची भट्टी यांतील फरक ओळखण्याची खूण सडव्यातच असते. घरी, सणापुरते, आपल्याच माणसांसाठी करणाऱ्याला युरिया टाकून घाई करण्याचे कारण नसते. ती घाई बाजाराची असते.

दोन कायद्यांच्या मध्ये एक नदी

मोहफुलावर शासनाची नजर इंग्रजी अमदानीपासून आहे. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने घरगुती गाळपावर टाच आणली आणि १८९२ च्या मोहरा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत खुद्द फुलांवर निर्बंध घातले. कारण महसुलाचे होते. घरोघरी दारू गाळली गेली, तर सरकारी मक्त्याची दारू खपणार कशी? स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. हेतू बदलला, मोहफुलावरील संशय मात्र कायम राहिला.

तेव्हाचा चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली, मुंबई इलाख्यात नव्हताच. तो मध्य प्रांतात होता आणि तेथे १९१५ चा मध्य प्रांत अबकारी कायदा चाले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे मुंबईचा दारूबंदी कायदा या जंगलालाही लागू झाला. छत्तीसगड आणि मध्य प्रदेशात मात्र १९१५ च्या त्याच कायद्याची परंपरा आजही चालू आहे. तेथे अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना घरगुती आणि धार्मिक वापरासाठी मर्यादित प्रमाणात दारू गाळण्याची सवलत आहे. परिणामी भामरागड तालुक्यातील एखाद्या माडिया कुटुंबाचे जे मडके अपराध ठरते, तसेच मडके इंद्रावतीपलीकडच्या सोयऱ्यांच्या घरी कायदेशीर असते. नाते एक, देव एक, फूल एक. कायदा तेवढा वेगळा.

अलीकडच्या दोन निर्णयांनी ही विसंगती अधिकच ठळक केली. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुले गोळा करणे, साठविणे आणि वाहून नेणे यांवरील निर्बंध शिथिल केले. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने काजूबोंडे आणि मोहफुले यांपासून कारखान्यात बनणाऱ्या मद्यास देशी मद्याऐवजी विदेशी मद्याचा दर्जा देण्याचे ठरविले. मोहाची दारू उद्योजकाने बनविली तर तिला प्रतिष्ठा आणि फूल वेचणाऱ्या बाईने बनविली तर गुन्हा, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होतो. गोव्याने याबाबत वेगळी वाट धरली. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले, २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा पेयाचा मान दिला आणि गावपातळीवरील परवानाधारक भट्ट्या टिकल्या. फेणीची ओळखच बोंडाच्या रसावर उभी आहे. त्यात बाहेरची साखर पडली, तर तिचे नावच जाईल.

बंदी, भाव आणि गूळ

गोव्याचा हा दाखला गडचिरोलीला जसाच्या तसा लावता येणार नाही. येथे दारूबंदी ही वरून लादलेली गोष्ट नव्हती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेसह अनेक संघटना आणि गावोगावच्या स्त्रिया यांनी वर्षानुवर्षे चालविलेल्या चळवळीतून १९९३ मध्ये गडचिरोलीत बंदी लागू झाली आणि ती आजही कायम आहे. २०१६ पासून शासन, 'सर्च' आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागाने सुरू झालेल्या 'मुक्तिपथ' अभियानाने गावसंघटनांच्या बळावर तिची अंमलबजावणी करण्याचा प्रयत्न केला. चंद्रपुरातही पारोमिता गोस्वामी यांच्या 'श्रमिक एल्गार'च्या पुढाकाराने स्त्रियांनी मोर्चे काढले आणि १ एप्रिल २०१५ पासून तेथे बंदी आली. सहा वर्षांनी, मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठविली. रमानाथ झा समितीचा अहवाल त्यापूर्वी आला होता. बंदीच्या काळात अवैध दारू आणि गुन्हेगारी वाढल्याचे कारण तेव्हा देण्यात आले.

चंद्रपूरचा हा निर्णय योग्य की अयोग्य, यावर आजही एकमत नाही. परंतु दोन्ही जिल्ह्यांच्या अनुभवातून एक अर्थशास्त्रीय सत्य समोर येते. बंदीमुळे परवानाधारक दुकान बंद होते, तेव्हा मागणी त्याच दिवशी संपत नाही, भाव वाढतो. फूल तर वर्षातून एकदाच, मार्च-एप्रिलमध्ये पडते. घरोघरी साठविलेली फुले ही वाढलेली मागणी भागवू शकत नाहीत. ती भागवतो गूळ. तो जंगलात होत नाही. वाहनांतून, व्यापाऱ्यांमार्फत येतो. म्हणजे गडचिरोलीतील विक्रीच्या दारूचा कच्चा माल झाडाखाली कमी आणि बाजारपेठेत अधिक सापडतो. तपास मात्र झाडाकडून चुलीकडे जातो, गुळाच्या पोत्यापासून गोदामापर्यंत क्वचितच पोहोचतो. धाडीत जंगलातील ड्रम फुटतो, एखादी विधवा किंवा भूमिहीन मजूर आरोपी होतो. पुरवठादाराचे नाव कागदावर येत नाही.

निर्णयाचा अधिकार गावाकडे

यातून मार्ग कोणता? १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा अथवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार दिला आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. 'बंदी' आणि 'नियमन' हे दोन्ही शब्द कायद्यात आहेत, हे येथे महत्त्वाचे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने सामूहिक वनहक्काच्या किती तरी आधी दारूचा प्रश्न हाती घेतला होता आणि तो सर्वसहमतीने सोडविण्याची रीत घालून दिली होती. सण-विधीला लागणारे मडके कोठवर चालेल आणि विक्री कोठे सुरू होते, हे गावाला पोलिस ठाण्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक असते. त्या निर्णयात स्त्रियांचे मत निर्णायक असले पाहिजे, ही अट मात्र सोडता येणार नाही. दारूचे दुष्परिणाम त्याच भोगतात आणि या दोन्ही जिल्ह्यांत बंदी मागणाऱ्याही त्याच होत्या.

पोलिस आणि उत्पादन शुल्क खात्यानेही आपल्या मोजमापात बदल करावा. जप्त सडव्याचे किती लिटर, एवढेच न सांगता त्यात गूळ, नवसागर, युरिया आढळला काय, तो कोठून आला, याची नोंद प्रत्येक कारवाईत झाली पाहिजे. अशी नोंद झाली, तर एक वर्षाच्या आत घरगुती मडके किती आणि संघटित भट्ट्या किती, याचे चित्र स्पष्ट होईल. दारूबंदीचे समर्थक आणि विरोधक, दोघांनाही या चित्राची गरज आहे. कारण आज दोघेही लिटरच्या एकाच आकड्यावरून परस्परविरोधी निष्कर्ष काढतात. बंदी यशस्वी होत असल्यामुळे सडवा पकडला जातो, असे एक म्हणतो. बंदी फसली म्हणूनच एवढा सडवा आहे, असे दुसरा म्हणतो. सडव्यात काय होते, हे विचारल्याखेरीज या वादाचा निकाल लागणार नाही.