शिकावयास की राबावयास?

जपानला निघालेल्या मुलामुलींचे सत्कार हल्ली तालुक्याच्या गावीही होऊ लागले आहेत. हार, श्रीफळ, शाल आणि मग भाषणे. ह्या भाषणांतून एक शब्द हटकून येतो, तो म्हणजे ‘प्रशिक्षण’. मुले प्रशिक्षणासाठी चालली आहेत. उगवत्या सूर्याच्या देशात जाऊन ती शिस्त शिकतील, तंत्र शिकतील आणि शिकलेले सारे पदरात बांधून मायभूमीच्या सेवेला परततील. ऐकणाऱ्याचा ऊर भरून यावा अशीच ही भाषा आहे. अडचण एवढीच की, ती खरी नाही. आणि ती खरी नाही हे सांगायला माझ्यासारख्या, दहावीपुढे कॉलेजची पायरीही न चढलेल्या मास्तराची गरज उरलेली नाही. खुद्द जपानच्या संसदेने २०२४ च्या जूनमध्ये कायदा करून ते सांगून टाकले आहे.

ही हकीकत मुळापासून सांगितली पाहिजे. जपानने १९९३ साली परदेशी ‘तांत्रिक प्रशिक्षणार्थी’ घेण्याची योजना काढली. हेतू असा सांगितला की, विकसनशील देशांतील तरुणांनी जपानात यावे, काम करता करता कौशल्य शिकावे व ते स्वदेशी न्यावे. पुढे २०१६ साली ह्या योजनेसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यात तर स्पष्ट कलमच घातले की, मजुरांची मागणी आणि पुरवठा ह्यांचा मेळ घालण्याचे साधन म्हणून हे प्रशिक्षण वापरता कामा नये. वाचायला किती सोज्वळ! प्रत्यक्षात हे प्रशिक्षणार्थी हिरोशिमाच्या किनाऱ्यावर कालवे फोडीत होते, इबाराकीच्या शेतांत भाजी काढीत होते, गिफूच्या कारखान्यांत कपडे शिवीत होते, बांधकामांवर परांच्या बांधीत होते. जेथे जपानी तरुण पाऊल टाकीना तेथे हे गेले. तीन वर्षे कालवे फोडून कोणते तंत्र मायदेशी न्यायचे, हे कोणी कोणाला विचारले नाही. मालक बदलण्याची मुभा जवळजवळ नव्हतीच. मालक चांगला निघाला तर नशीब, आणि पुष्कळ चांगले निघालेही, हे सांगितले पाहिजे; पण वाईट निघाला तर पळून जाणे हाच काय तो मार्ग. एकट्या २०२३ साली ९,७५३ प्रशिक्षणार्थी असे नाहीसे झाले. त्यांचे पासपोर्ट काढून ठेवू नयेत म्हणून कायद्यात शिक्षेची तरतूद करावी लागली. ज्याला बंदी घालावी लागते ते कोठेतरी घडत असते, एवढे आमच्या गावच्या पोलीसपाटलालाही कळते.

अखेर जाणत्यांची समिती बसली, तिने ही योजना मोडीत काढा म्हणून सांगितले आणि २०२४ साली ती मोडीत निघाली. तिच्या जागी आणलेल्या योजनेचा अंमल एप्रिल २०२७ पासून. ह्या नव्या योजनेच्या जपानी नावातच रोजगार हा शब्द आहे. आम्हाला माणसे हवी आहेत, आम्ही ती घडवू आणि कामाला लावू, असे ती उघड म्हणते. एक-दोन वर्षांनंतर, काही अटी पाळून, मालक बदलण्याची सोयही तीत ठेवली आहे. जपान्यांनी तीस वर्षे वठवलेले सोंग स्वतःच्या हाताने उतरवून ठेवले. आपण मात्र ते उचलून आपल्या तोंडाला लावीत आहो.

भारत ह्या प्रशिक्षणाच्या करारात २०१७ च्या ऑक्टोबरात सामील झाला. ‘विशिष्ट कौशल्या’च्या दुसऱ्या व्हिसासाठी २०२१ च्या जानेवारीत करार झाला. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही पंतप्रधानांच्या भेटीत पाच वर्षांत भारतातून ५० हजार कुशल माणसे जपानात जावीत असे उद्दिष्ट जाहीर झाले. ह्यात वावगे काही नाही. जपानला माणसे हवीत हे त्याचे आकडेच सांगतात. २०२४ साली तेथे सात लाखही जपानी मुले जन्मली नाहीत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेथे काम करणाऱ्या परदेशी माणसांचा आकडा २३ लाखांवर गेला होता. गरजवंताला अक्कल नसते अशी आपल्याकडे म्हण आहे. ह्या व्यवहारात गरजवंत जपान आहे आणि अक्कल आपण गमावून बसलो आहो!

शब्दावरून एवढा गदारोळ कशाला, असे कोणी म्हणेल. मुलाला पगार मिळाल्याशी कारण. त्याला प्रशिक्षण म्हणा की मजुरी म्हणा. मला हे मान्य नाही. मास्तरकीत आयुष्य गेल्यामुळे एक गोष्ट मी जाणून आहे : विद्यार्थी म्हटला की त्याने उपकृत असावे लागते. त्याने वेळ मोजायची नसते, जादा कामाचा हिशेब मागायचा नसतो, गुरूने रागे भरले तर मान खाली घालायची असते. कामगार म्हटला की त्याच्या हाती कंत्राट येते, तासांचा हिशेब येतो, तक्रारीचा हक्क येतो. ‘प्रशिक्षण’ ह्या एका शब्दाने आपण मुलाच्या हातातले कंत्राट काढून घेतो आणि त्याच्या गळ्यात कृतज्ञता अडकवतो. जपानी कायद्याच्या दृष्टीने प्रशिक्षणार्थीही कामगारच होता. किमान वेतन, विमा, सारे त्याला लागू होते. ते त्याला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसण्यात पुष्कळांचे भले होते.

कोणाचे, ते ऐका. जपानच्या इमिग्रेशन खात्याने २०२२ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. निरनिराळ्या देशांतून आलेल्या प्रशिक्षणार्थींनी निघण्यापूर्वी आपल्याकडच्या पाठवणाऱ्या संस्थांना सरासरी सुमारे ५ लाख ४० हजार येन मोजले होते. निम्म्याहून अधिक मुले कर्ज काढून आली होती. सर्वांत जड ओझे व्हिएतनामच्या मुलांवर. म्हणजे शिकायला गेलेला हा विद्यार्थी आधी सावकाराचे हप्ते फेडीत होता. अशा मुलाने मालकापुढे ब्र काढावा कसा? आपल्याकडे १९८३ च्या स्थलांतर कायद्याखालील नियमांनी नोंदणीकृत एजंटाच्या सेवाशुल्कावर ३० हजार रुपये अधिक कर अशी मर्यादा घातली. आता भाषेच्या वर्गाची फी, वसतिगृह, ‘प्रोसेसिंग’, ‘किट’ अशी नवनवी नावे घेऊन ती रक्कम कशी फुगते, हे ज्या घरातल्या बाईचे दागिने गहाण पडले आहेत तेथे जाऊन विचारावे.

ह्याच महाराष्ट्राने जपानकडून शिकणे म्हणजे काय ते एकदा करून दाखवले आहे, म्हणून ह्या सोंगाची चीड अधिक येते. १९०५ साली जपानने रशियाला हरवले तेव्हा आपल्याकडे त्या देशाचे केवढे कौतुक झाले! पण ती माणसे नुसते कौतुक करून थांबली नाहीत. पैसा-पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने तळेगावला काचेचा कारखाना काढला, तो जपानात काचकाम शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय ह्यांच्या हाती सोपवला. अण्णासाहेब कर्व्यांच्या हाती टोकियोच्या स्त्री विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली आणि १९१६ साली आपल्याकडे स्त्रियांचे विद्यापीठ उभे राहिले. कर्वे तोवर जपानला गेलेदेखील नव्हते. ह्याला शिकणे म्हणतात. आपला मुलगा वृद्धाश्रमात रात्रपाळी करून परत आला तर त्याच्या कौशल्यासाठी कोणता कारखाना, कोणते रुग्णालय येथे जागा राखून बसले आहे? एकाही सत्कारात ह्याचा उच्चार झालेला मी ऐकलेला नाही.

शिस्तीचे भजन हा तर स्वतंत्र विषय आहे. गाडी अर्धा मिनिट चुकली तर माफी मागतात, म्हणे! मागतात. तेथल्या शाळेत मुले स्वतःचे वर्ग स्वतः झाडतात, हेही खरे आणि मला ते अतिशय प्रिय आहे. (आमच्याकडे मुलाच्या हाती झाडू दिला तर दुसऱ्या दिवशी पालक दारात उभे, आणि पूर्वी तो ठरावीक मुलांच्याच हाती देत, ते निराळेच.) परंतु शिस्तीचे बिल कोणीतरी भरीत असते. कामाच्या अतिरेकाने येणाऱ्या मृत्यूला ज्या भाषेत ‘कारोशी’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि तो टाळण्यासाठी २०१४ साली ज्या देशाला कायदा करावा लागला, त्या देशाचे कार्यालय रात्री दहा वाजता उजळलेले दिसले तर त्यात नुसते तेज पाहू नये. एका बड्या जाहिरात कंपनीतल्या चोवीस वर्षांच्या मुलीने २०१५ च्या नाताळात जीव दिला तेव्हा सारा जपान हादरला. त्यानंतर जादा कामावर २०१९ पासून कायद्याने मर्यादा आली : एरवी महिन्याला ४५ तास, आणि अगदी घाईच्या दिवसांतही शंभराच्या आत. जपानी माणूस स्वतः ज्या गोष्टीतून सुटू पाहत आहे ती आपण आपल्या मुलांना पुण्य म्हणून शिकवतो! साहेब उठेपर्यंत खुर्चीवर बसून राहणे ही शिस्त नव्हे, हे जपानी तरुणाला आज कळू लागले आहे. आपल्या पाहुण्यालाही ते कळले पाहिजे.

मी ‘जाऊ नका’ म्हणणाऱ्यांतला मुळीच नव्हे. तेथे २०२५ साली ठरलेले सरासरी किमान वेतन ताशी १,१२१ येन, म्हणजे सहाशे रुपयांहून अधिक आहे, आणि ते मिळते. आपल्याकडच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्या मुलाला देशप्रेमाचे डोस पाजण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्याने अवश्य जावे. पण आपण एका समाजात राहावयास जात आहो, नुसते कारखान्यात नव्हे, हे समजून जावे.

आणि त्या समाजाचे दार एकच आहे : भाषा. विशिष्ट कौशल्याच्या व्हिसाला पाच पायऱ्यांच्या परीक्षेतली खालून दुसरी पायरी पुरते. तेवढ्यावर दुकानात तांदूळ घेता येतो, घरमालकाशी वाद घालता येत नाही. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या चित्राक्षरांची यादीच २,१३६ अक्षरांची आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी वृद्धांच्या शुश्रूषेसाठी गेली. वर्गात शिकलेली शुद्ध जपानी घेऊन ती आजीबाईंपुढे उभी राहिली, तर आजीबाई आपल्या गावच्या बोलीत बोलू लागल्या. कोकणातल्या म्हातारीचे हेल मुंबईच्या शाळेत शिकलेल्या परदेशी माणसाला कळावेत तसे झाले. शिवाय पाळी संपताना कोणी काय खाल्ले, कोण पडले, हे सारे जपानीत लिहून द्यायचे. बिचारीने सहा महिने रडून काढले. खेदाची गोष्ट ही की, मराठी मुलाला ही भाषा इतरांपेक्षा जवळची पडावी. क्रियापद शेवटी, विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागून, आणि ‘तू, तुम्ही, आपण’ हे ज्याला जन्मतः येते त्याला आदरार्थी जपानीचा बाऊ वाटण्याचे कारण नाही. पुण्यात जपानी शिकवण्याची परंपराही जुनी. पण तीनचार महिन्यांत मुले ‘तयार’ करून विमानात बसवायची घाई ज्यांना आहे त्यांना व्याकरणाशी काय कर्तव्य!

भाषा आली म्हणजे सारे मिळते असेही नव्हे. जपानच्या न्यायखात्याने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, मागील पाच वर्षांत घर शोधणाऱ्या परदेशी माणसांपैकी सुमारे ३९ टक्क्यांनी सांगितले की, परदेशी म्हणून आपल्याला घर नाकारले गेले. ह्यावर संतापण्यापूर्वी आपण आपल्या शहरांत आडनाव आणि आहार विचारून घर कसे देतो ते आठवावे. २०२५ च्या जुलैतील निवडणुकीत ‘जपानी प्रथम’ अशी घोषणा देणाऱ्या पक्षाने वरिष्ठ सभागृहाच्या १४ जागा जिंकल्या. माणसे हवीतही आणि नकोतही, अशा घरात आपली मुले पाहुणी जात आहेत. तरीही दार उघडते. अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक २०१९ साली टोकियोच्या एदोगावा विभागात नगरसेवक म्हणून निवडून आले आणि पुढे इबाराकीतल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. ते जपानी शिकून गेले होते, हे त्यांची उदाहरणे देणारे वक्ते सांगायचे विसरतात.

आणि सर्वांत कठीण गोष्ट. प्रशिक्षणाची पाच वर्षे आणि विशिष्ट कौशल्याच्या पहिल्या पायरीची पाच, अशी दहा वर्षे बायकोमुलांना सोबत नेण्याची परवानगी नाही. पुढची पायरी चढली तर मिळते. विसाव्या वर्षी गेलेला मुलगा तिसाव्या वर्षापर्यंत सहा चटयांच्या खोलीत एकटा. आईबापांनी हे ऐकून मग हो म्हणावे.

तेव्हा सही करण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. कंत्राटाचा मराठी अनुवाद मागावा. देत नसतील तर उठून यावे. पगारातून खोलीचे भाडे, विमा, कर किती कापले जातील, हा आकडा लिहून घ्यावा. मालक बदलायचा झाल्यास काय अट आहे, भाषेची पुढची परीक्षा देण्यासाठी वेळ मिळेल का, हे विचारावे. पासपोर्ट स्वतःजवळच राहील हे मुलाला बजावून सांगावे. आणि तेथील निवृत्तिवेतन निधीत दरमहा पैसे जातात. देश सोडून आलेल्या परदेशी माणसाला त्यातला काही भाग एकरकमी परत मिळू शकतो, पण तो दोन वर्षांच्या आत मागावा लागतो.