वाचविलेले वर्ष कोणाच्या पदरी?

शालेय शिक्षण लवकर आटोपावे, मुलामुलींनी पंधराव्या-सोळाव्या वर्षीच बारावीचा उंबरठा ओलांडावा, असा सूर सुशिक्षित पालकांच्या तोंडून वारंवार ऐकू येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पहिलीसाठी वयाची सहा वर्षे धरली, तेव्हापासून तर 'आमच्या मुलाचे वर्ष फुकट गेले' ही तक्रार घरोघरी झाली आहे. ह्या घाईचा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे.

तो जर्मनीने मांडून पाहिला आहे. तेथील जिम्नॅझियम ह्या शाळांत तेरावीपर्यंत शिकून आबिटुरची परीक्षा देण्याची पश्चिमेकडील बहुतेक राज्यांत परंपरा होती. आमचे पदवीधर इतर युरोपीय तरुणांहून उशिरा नोकरीस लागतात, ह्या ओरडीपोटी २००० नंतर एकामागून एक राज्यांनी एक वर्ष छाटले. वर्ष गेले, अभ्यासाचा भार मात्र जवळजवळ तेवढाच राहिला. उरलेल्या वर्षांत तासिका कोंबल्या गेल्या. दुपारीही वर्ग भरू लागले. खेळ आणि संगीत ह्यांना वेळ पुरेना. संशोधकांनी तपासले, तेव्हा शाळा संपविण्याचे सरासरी वय बारा नव्हे, सुमारे दहाच महिन्यांनी घटल्याचे आढळले. कारण त्याच इयत्तेत पुन्हा बसणाऱ्यांचे प्रमाण वाढले होते. जे वेळेत सुटले, त्यांतील कित्येक सतराव्या वर्षी विद्यापीठाच्या दारी उभे राहिले. कायद्याने ते अज्ञान. खोली भाड्याने घ्यावयाची तरी पालकांची सही हवी! अखेर पालकांच्या रेट्यापुढे लोअर सॅक्सनीने २०१५ पासून आणि बव्हेरियाने २०१८ पासून जुनी मुदत पुन्हा स्वीकारली.

सॅक्सनी व थुरिंगिया ह्या पूर्वेकडील राज्यांत बारा वर्षांची शाळा उत्तम चालते, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. परंतु तेथील अभ्यासक्रम मुळातच बारा वर्षांच्या मापाने शिवलेला आहे. तेरा वर्षांचा अंगरखा बारा वर्षांच्या अंगावर आवळण्याचा उद्योग त्यांनी केला नाही.

आपल्याकडे तर शाळा बारावीलाच संपते. तीही लवकर आटोपून मुलाने जावयाचे कोठे? वैद्यकीय प्रवेशासाठी प्रवेशाच्या वर्षअखेर सतरा वर्षे पूर्ण असावी लागतात. मतदान, मोटारीचा परवाना, स्वतःच्या सहीचा करार, ह्या सर्वांसाठी अठरा. म्हणजे वाचविलेली दोन वर्षे शिकवणी वर्गाच्या बाकावरच जावयाची!

अकरावी-बारावीची दोन वर्षे आजही पोकळ झाली आहेत, हा आक्षेप मात्र मान्य केला पाहिजे. हजेरी महाविद्यालयात, शिक्षण खाजगी वर्गात, असा हा दुटप्पी व्यवहार आहे. पण घर गळते म्हणून कोणी घर पाडीत नाही, कौले शाकारतो. ह्या दोन वर्षांत प्रयोगशाळा, ग्रंथालय, वादसभा आणि हाताला एखादे कौशल्य परत आणावे, हा त्यावरील इलाज होय. असामान्य बुद्धीच्या मुलालाही पुढच्या इयत्तेत ढकलण्याऐवजी त्याच्या विषयात अधिक खोल उतरू द्यावे.

आणि हा प्रश्न केवळ हुशार मुलांचा नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे छत्र चौदाव्या वर्षापर्यंतच आहे. त्यानंतर धोकादायक नसलेल्या कामावर मुलाला जुंपण्यास कायद्याची आडकाठी नाही. मुलीचे लग्न अठरापूर्वी लावण्यास बंदी आहे. पण शिक्षण संपले की स्थळांची चर्चा सुरू होते, हे कोणास ठाऊक नाही? गरीब घरातील मुलाला कामापासून आणि मुलीला बोहल्यापासून दूर ठेवणारे एकच वाक्य पालकांच्या ओठी असते : 'अजून शाळा संपायची आहे.' सुखवस्तू घरांच्या घाईपायी हे वाक्य त्या लेकरांकडून हिरावून घेण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?