सरळ अर्थाची माणसे

मराठी माणूस दुसऱ्याच्या घरून निघताना 'जातो' असे सहसा म्हणत नाही. तो 'येतो' म्हणतो आणि जातो. दुकानदार रात्री दुकान बंद करतो, पण 'दुकान वाढवले' असे सांगतो. देवापुढचा नारळ फोडावयाचा नसतो, 'वाढवावयाचा' असतो. हातातील बांगडी फुटली तर तीही 'वाढवली' म्हणावयाची. पंगतीत यजमान आग्रह करतो, पाहुणा 'नको, नको' म्हणत राहतो आणि ताटावर आडवा धरलेला हात हळूच बाजूला घेतो. सुनेला काही सुनवावयाचे असले म्हणजे सासू लेकीला बोलते. या साऱ्या बोलण्यात कोणी कोणाला फसवीत नाही. शब्दाचा अर्थ एक आणि मनातला अर्थ दुसरा, यांमधले अंतर ऐकणाऱ्याने आपले आपण ओलांडावयाचे, असा एक अलिखित करार समाजात असतो. बहुतेक मुले तो लहानपणीच, कोणी मुद्दाम न शिकविता, उचलतात.

काही थोड्या माणसांना मात्र हा करार आपोआप उमगत नाही. 'येतो' म्हणून गेलेला पाहुणा परत केव्हा येणार, असा प्रश्न त्यांना खरोखरच पडतो. 'नको' म्हणणाऱ्याला ती माणसे वाढत नाहीत. ती शब्द ऐकतात आणि शब्दांवर विश्वास ठेवतात; एवढ्यावरून त्यांना उद्धट, हट्टी, आढ्यतेखोर आणि कधी कधी वेडसर ठरविले जाते.

साताऱ्यातील एका शाळेत, सातवीच्या वर्गात, असा एक मुलगा आहे अशी कल्पना करावी. त्याला आगगाड्यांचा विलक्षण छंद आहे. कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर येथपासून किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगलीपर्यंतची सारी स्थानके, मधले एकही न गाळता, तो एका दमात म्हणून दाखवितो. भूगोलाच्या तासाला गुरुजी म्हणतात, "मिरजेहून निघालेली गाडी सातारा शहरात येते." मुलगा उठून सांगतो, "शहरात येत नाही. स्टेशन माहुलीला आहे." त्याचे म्हणणे खरे आहे. वर्ग हसतो. गुरुजी चिडून म्हणतात, "फार शहाणा आहेस!" आणि मुलगा गंभीरपणे उत्तर देतो, "आभारी आहे, गुरुजी." आता तर वर्गात हशा पिकतो, आणि गुरुजी त्याला दाराबाहेर उभे राहण्यास फर्मावतात. तास संपतो, दुसरा तास सुरू होतो, तरी तो तेथेच उभा असतो. कारण आत ये असे त्याला कोणी सांगितलेले नसते. घरी गेल्यावर तो आईला आनंदाने सांगतो, की आज गुरुजींनी शहाणा म्हटले.

या प्रसंगात गुरुजी दुष्ट नाहीत आणि मुलगा उर्मट नाही. तरीही त्या दिवशी एका मुलाला शिक्षा झाली, आणि ती कशाबद्दल झाली हे त्याला कळलेही नाही. अशा दिवसांची वर्षानुवर्षे भर पडत गेली म्हणजे तो मुलगा बोलणेच कमी करू लागतो. मग लोक म्हणतात, पाहा, हा कोणात मिसळत नाही.

डोळ्यांचेही तसेच. बोलताना समोरच्याच्या नजरेला नजर देणे अशा कित्येकांना फार जड जाते. चेहऱ्याकडे पाहावयाचे आणि त्याच वेळी शब्दही ऐकावयाचे, ही दोन कामे एकदम होत नाहीत. लोकांचा न्याय येथे मोठा गमतीचा आहे. वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालणारा मुलगा नम्र ठरतो, आणि नजर न देणारा मुलगा काहीतरी लपवीत असतो! मान दोघांचीही खालीच असते. आवाजाची गोष्ट याहून अवघड. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीतील ढोल-ताशे इतरांच्या अंगात उत्साह भरतात. अशा एखाद्या मुलाच्या कानांत तेच आवाज सुईसारखे टोचतात. एस. टी. स्थानकावरचे कर्णे, वर्गातला बाकांचा खडखडाट, नव्या सदऱ्याच्या गळ्याशी बोचणारी चिठ्ठी, यांतले काहीही त्याला असह्य होऊ शकते. कानांवर हात ठेवून तो पळून गेला, तर त्याला भित्रा म्हणतात.

या स्वभावरचनेला पुष्कळ दिवस वेगळे असे नाव नव्हते. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात हान्स आस्पर्गर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९४४ साली अशा चार मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. इंग्लंडमधील डॉक्टर लोर्ना विंग यांची मुलगी स्वमग्न होती. त्यांनी १९८१ साली आस्पर्गरांचे ते विस्मृतीत गेलेले काम पुढे आणले, आणि 'आस्पर्गर लक्षणसमूह' हे नाव रूढ झाले. बुद्धी चांगली, बोलणेही वेळेवर आलेले, परंतु माणसांतल्या न बोललेल्या खुणा वाचणे अवघड, असा त्याचा ढोबळ अर्थ. पुढे २०१३ साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या नियमावलीतून हे वेगळे नाव काढून टाकले, आणि ही सारी माणसे स्वमग्नतेच्या एकाच विस्तृत पटात धरली जाऊ लागली. दरम्यान आस्पर्गरांविषयी एक दुःखद गोष्टही उजेडात आली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून असे दिसले, की नाझी राजवटीत त्यांनी काही अपंग मुलांना अशा एका संस्थेकडे पाठविले, जेथे मुलांना ठार मारले जात असे. त्यामुळे ते नाव लावणे आज पुष्कळांना नकोसे वाटते. तरी ज्यांना ते पूर्वीच मिळाले, त्यांपैकी कित्येकजण ते अजून वापरतात. आपण असे का आहोत याचे पहिले उत्तर त्यांना त्याच नावाने दिले होते.

'स्वमग्नता' हा मराठी शब्दही निर्दोष नाही. स्वतःत मग्न म्हणजे दुसऱ्याची पर्वा नसलेला, असा अर्थ त्यातून सहज निघतो, आणि तो बहुधा चुकीचा असतो. मैत्रीण का रडते हे ज्या मुलीला चेहऱ्यावरून कळत नाही, तिला कारण सांगितले तर तीच दिवसभर बेचैन राहते. कळत नाही आणि वाटत नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एके काळी काही तज्ज्ञांनीसुद्धा याचा सारा दोष आईच्या कोरडेपणावर टाकला होता. ते मत केव्हाच खोटे ठरले आहे. ही रचना जन्मजात असते. ती लाडाने येत नाही आणि माराने जात नाही. भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. कायद्याने परीक्षेत थोडा अधिक वेळ मिळवून देता येतो. मधल्या सुट्टीत शेजारी बसणारा सोबती मिळवून देता येत नाही.

सातारा जिल्ह्यात पुसेगावला आणि सांगली जिल्ह्यात खरसुंडीला यात्रेच्या वेळी खिलार बैलांचा मोठा बाजार भरतो. गुरांच्या बाजारात भाव तोंडाने न बोलता, रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून ठरविण्याची जुनी चाल आहे. जवळ उभ्या असलेल्या शहरी माणसाला त्यातले काही कळत नाही. म्हणून त्याला कोणी निर्बुद्ध किंवा निष्ठुर म्हणत नाही. त्याला खुणा ठाऊक नाहीत, एवढेच म्हणतात. स्वमग्न माणसाला रोजचे सारे जग असे रुमालाखाली चाललेले दिसत असते.

गुरांचा विषय निघालाच आहे, तर अमेरिकेतील टेंपल ग्रँडिन या विदुषीची हकीकत सांगण्याजोगी आहे. त्यांचा जन्म १९४७ साली बोस्टन येथे झाला. साडेतीन वर्षांच्या होईपर्यंत त्या बोलल्या नाहीत. पुढे बोलू लागल्या तेव्हा तीच तीच वाक्ये पुन्हा पुन्हा म्हणत; शाळेतील मुले त्यांना 'टेपरेकॉर्डर' म्हणून चिडवीत. एकदा चिडविणाऱ्या मुलीला त्यांनी पुस्तक फेकून मारले, आणि शाळेने त्यांनाच काढून टाकले. (चिडविणे दिसत नाही, फेकलेले पुस्तक दिसते; हे जगात सर्वत्र असेच आहे.) मोठेपणी त्या गुरांच्या आवारांत काम करू लागल्या. जनावरे एका ठरावीक जागी बुजतात आणि पुढे पाऊल टाकीत नाहीत, असे तेथील लोकांचे गाऱ्हाणे होते. ग्रँडिन स्वतः त्या अरुंद वाटेत उतरल्या आणि जनावराच्या उंचीवरून पाहू लागल्या. तेव्हा लोंबणारी साखळी, कुंपणावर टाकलेला कोट, जमिनीवरची काळी सावली, पाण्यावरची चकाकी, अशा गोष्टी त्यांच्या नजरेस पडल्या. नेहमीच्या माणसांना त्या दिसतच नव्हत्या. किरकोळ गोष्टींनी बिचकण्याचा अनुभव ग्रँडिन यांनी जन्मभर घेतला होता, म्हणून जनावरांचे भय त्यांना समजले. त्यांनी आखलेल्या वळणदार वाटा अनेक ठिकाणी वापरात आल्या, आणि त्या विद्यापीठात प्राध्यापक झाल्या.

तथापि अशा गोष्टींनी एक नवा गैरसमजही पसरतो. स्मरणशक्ती अचाट असलेला एक स्वमग्न माणूस १९८८ सालच्या एका अमेरिकी चित्रपटात दाखविला होता. तेव्हापासून लोक अशा प्रत्येक मुलाकडे चमत्काराची मागणी करू लागले. 'याला काय विशेष येते?' असा प्रश्न पाहुणे विचारतात. बहुतेकांना विशेष असे काही येत नसते. त्यांना एखादा विषय फार आवडतो, इतकेच. काही लेखक मरून गेलेल्या थोर शास्त्रज्ञांनाही या यादीत बसवितात. ज्याची तपासणी आता कोणी करू शकत नाही, त्याला असे नाव चिकटविण्यात शहाणपण नाही. साध्या बुद्धीच्या, साध्या गुणांच्या मुलाला नीट वागविण्यासाठी त्याने आधी मोठा शोध लावून दाखवावा काय?

यावर कोणी असे म्हणेल, की जग काही एका मुलासाठी बदलत नाही. त्यानेच जगाची रीत शिकावी. या म्हणण्यात तथ्य आहे. आपले खरे बोलणेही दुसऱ्याला लागू शकते, हे त्याला समजले पाहिजे. 'तुझे चित्र वाईट आहे' असे तोंडावर सांगितल्याने वर्गमैत्रीण दुखावते, हे त्याला स्पष्ट सांगावे. स्पष्ट सांगितले तर तो बहुधा ऐकतो. टोमणा मारला तर त्याला टोमणा कळतच नाही. पुष्कळ स्वमग्न मुले ही रीत परभाषा शिकावी तशी कष्टाने शिकतातही. विशेषतः मुली इतरांचे हसणे-बोलणे पाहून त्याची इतकी हुबेहूब नक्कल करतात, की त्यांची अडचण मोठेपणापर्यंत कोणाच्या ध्यानातही येत नाही. फक्त शाळेतून घरी आल्यावर त्या थकून कोपऱ्यात बसतात, आणि घरचे म्हणतात, हिला झाले तरी काय?

परंतु शिकावयाचे ते एकाच बाजूने का? इंग्लंडमधील डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले अभ्यासक आहेत. त्यांनी २०१२ साली असे मत मांडले, की न समजणे हे दोन्हीकडून असते. स्वमग्नाला इतर जितके कळत नाहीत, तितकाच तोही इतरांना कळत नाही. पुढे काही संशोधकांनी कानगोष्टींच्या खेळासारखा एक प्रयोग करून त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध केले. आठ-आठ माणसांच्या साखळ्या केल्या आणि एक गोष्ट पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगावी असे ठरविले. काही साखळ्यांत सारे स्वमग्न होते, काहींत एकही नव्हता, काहींत दोन्ही प्रकारची माणसे होती. ज्यांत सारे स्वमग्न होते, त्या साखळ्यांत गोष्ट इतरांइतकीच नीट पोचली. मिश्र साखळ्यांत मात्र तिच्यातला अधिक भाग वाटेत गळाला. दोष एकट्या स्वमग्नाच्या बोलण्यात असता, तर तो पहिल्या प्रकारच्या साखळीत सर्वांत अधिक दिसला असता.

वर्गाने करावयाचे फारसे काही नसते. 'हे काय चालले आहे?' असे विचारण्याऐवजी 'वही मीट आणि इकडे ऐक' असे सांगावे. आगगाड्यांच्या गोष्टीचा कंटाळा आला, तर जांभई देण्यापेक्षा 'आता मला खेळावयास जावयाचे आहे' असे म्हणावे. त्याला राग येत नाही. उद्याचे वेळापत्रक बदलणार असेल, तर ते आजच त्याच्या कानावर घालावे. आणि बाहेर उभे केलेच असेल, तर आत बोलाविण्याचे विसरू नये.

सांगलीत कृष्णेवर १९२९ साली बांधलेला आयर्विन पूल आहे. त्याच्यापाशी नदीची पातळी मोजतात. ४० फूट ही इशाऱ्याची खूण आणि ४५ फूट ही धोक्याची. सांगलीतील एखादा असा मुलगा वर्षभर, अगदी मार्चच्या कोरड्या दिवसांतही, रोज सकाळी 'आज आयर्विनला किती फूट?' असे विचारीत असेल, तर आळीतले लोक त्याला हसतील. परंतु श्रावणात धरणे भरतात, पाऊस थांबत नाही, आणि भाजीवाल्यापासून वकिलापर्यंत साऱ्या सांगलीच्या तोंडी तोच एक प्रश्न येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा शहराने दुसरे काही विचारलेच नाही. अशा दिवसांत शेजारी त्याच मुलाच्या दाराशी येऊन विचारतील, "काय रे, आता किती झाले?" उत्तर देताना तो त्यांच्या तोंडाकडे पाहणार नाही, पुलाच्या दिशेला पाहील. आकडा मात्र तो फूट आणि इंचांसह बरोबर सांगेल.