परतीची वेळ

वाळवंटातील प्रवासाची तयारी करताना पहिली चिंता पाण्याची असते आणि ती रास्तच आहे. मात्र ही चिंता नेहमी पाणी कमी पडण्याची असते. वाळवंटात पाणी अधिक होईल, असा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील डेथ व्हॅली या राष्ट्रीय उद्यानाने हा समज अलीकडे दोनदा खोटा ठरवला.

ही दरी तिच्या सर्वांत खोल भागात समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे. १० जुलै १९१३ रोजी येथील फर्नेस क्रीक या ठिकाणी ५६.७ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली आणि अधिकृत जागतिक उच्चांक म्हणून ती आजही कायम आहे. वर्षभरात येथे सरासरी ५५ मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. परंतु ५ ऑगस्ट २०२२ रोजी एकाच दिवसात सुमारे ३७ मिलिमीटर पाऊस झाला. रस्ते वाहून गेले आणि सुमारे १००० माणसे उद्यानात अडकून पडली. पुढच्याच वर्षी, २० ऑगस्ट २०२३ रोजी, हिलरी वादळाच्या अवशेषांनी एका दिवसात ५६ मिलिमीटर पाऊस आणला. वर्षाची शिल्लक एका दिवसात खर्ची पडावी, तसा हा प्रकार होता. उद्यान जवळजवळ दोन महिने बंद राहिले आणि बॅडवॉटर येथील मिठाच्या सपाटीवर विस्तीर्ण तळे साचले.

याचे कारण भूमीच्या रचनेत आहे. भोवतालचे डोंगर उघडेबोडके आहेत. पाणी धरून ठेवणारी माती थोडी, झाडोरा त्याहून थोडा. पडलेला पाऊस खडकावरून सरळ खाली येतो, अरुंद घळींत एकवटतो आणि दगडगोटे घेऊन दरीत उतरतो. डोक्यावर पाऊस पडत नाही म्हणून धोका नाही, असे मानणेही चुकीचे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अॅरिझोनातील अँटिलोप कॅन्यन या चिंचोळ्या घळीत ११ पर्यटक पुरात मृत्युमुखी पडले. तो पाऊस घळीत नव्हे, दूरवर वरच्या बाजूस झाला होता.

अशा प्रदेशात सहलीची आखणी कशी करावी, याचा विचार लॉस एंजेलिस परिसरातील एका मराठी घरात फेब्रुवारीच्या एका संध्याकाळी चालला होता. पती, पत्नी, चौदा वर्षांचा मुलगा आणि पुण्याहून लेकीकडे मुक्कामाला आलेले तिचे वडील असे चौघे जण होते. सोमवारची सुटी जोडून तीन दिवस मिळत होते. मुलाला रेसट्रॅक प्लाया पाहायचा होता. डोंगरांमधील त्या सपाट, कोरड्या तळ्याच्या तळावर दगड आपोआप सरकतात आणि मागे लांब रेघा उमटतात. हिवाळ्यात साचलेल्या उथळ पाण्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरतो, तो उन्हाने फुटतो आणि मंद वारा त्या पापुद्र्यांसह दगडांना पुढे ढकलतो, हे संशोधकांनी प्रत्यक्ष पाहून २०१४ साली प्रसिद्ध केले. त्यापूर्वी हे एक कोडेच होते.

तेथे जाणारा रस्ता युबेहीबी या ज्वालामुखी विवराजवळ डांबर सोडतो आणि पुढे सुमारे ४३ किलोमीटर दगडगोट्यांतून, आडव्या वळ्यांवरून जातो. जावयांनी तयारी नेटकी केली होती. गाडी फोर व्हील ड्राइव्हची आणि स्वतःची होती. भाड्याची असती, तर कच्च्या रस्त्यास करारात बहुधा मनाईच असती. दोन स्टेपन्या, टायरमधील हवा कमी करून पुन्हा भरण्यासाठी पंप, ओढण्याचा दोर, फावडे, मोबाइलला रेंज नसल्याने उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र, छापील नकाशा हे सर्व त्यात होते. पाण्याचा हिशेब माणशी रोज ४ लिटर धरून तीन दिवसांचे ४८ लिटर आणि गाडी अडकलीच तर आणखी दोन दिवसांचे ३२ लिटर, असा ८० लिटरचा होता. प्लायाची उंची हजार मीटरहून अधिक. दरीत ऊब असली, तरी तेथे रात्री गोठणबिंदूखाली पारा उतरू शकतो, म्हणून जाड पांघरुणेही घेतली होती. तंबू कोरड्या ओढ्याच्या पात्रात लावायचा नाही, हेही ठरले होते.

वडिलांनी यादी शांतपणे वाचली आणि विचारले, "जावईबापू, जाण्याचे सर्व लिहिले आहे. परत कोणत्या वेळी फिरायचे, ते कोठे आहे?"

"बाबा, हवामान बघून तिथेच ठरवू. शनिवारी दुपारनंतर ४० टक्के पाऊस म्हणतात. म्हणजे ६० टक्के तर नाहीच ना?"

"तिथे गेल्यावर ठरवणारा माणूस वेगळा असतो. तो पाच तास गाडी हाकून आलेला असतो."

या ४० टक्क्यांचा अर्थ नीट समजून घेण्याजोगा आहे. अंदाज ज्या भागासाठी आहे, त्यातील एखाद्या ठिकाणी त्या अवधीत मोजता येण्याजोगा पाऊस पडण्याची शक्यता तो आकडा दाखवतो. पाऊस किती जोराचा असेल, हे त्यातून कळत नाही. शिवाय फर्नेस क्रीकचा अंदाज हा हजारो फूट उंच शिखरांचा अंदाज नव्हे. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या दोन सूचनांतील फरकही महत्त्वाचा आहे. अचानक पुरासंबंधी 'वॉच' म्हणजे पुरास अनुकूल परिस्थिती. 'वॉर्निंग' म्हणजे पूर आलेला आहे किंवा येण्याच्या बेतात आहे. पहिल्या सूचनेनंतर बेत बदलता येतो, दुसरीनंतर केवळ उंच जागा गाठता येते.

लेकीला एक जुनी हकिगत आठवली. जुलै १९९६ मध्ये जर्मनीहून आलेले चौघांचे कुटुंब याच उद्यानात भाड्याची साधी गाडी घेऊन दुर्गम घळीत शिरले. ऑक्टोबरमध्ये ती गाडी पंक्चर झालेल्या चाकांसह सापडली. माणसे सापडली नाहीत. २००९ मध्ये तेथून काही किलोमीटरवर शोधकांना मानवी अस्थी मिळाल्या. ही हकिगत ऐकून कोणी काही बोलले नाही. मग एक कोरा कागद घेऊन चौघे बसले.

कागदावर पाच ओळी लिहिल्या गेल्या. निघण्याच्या आदल्या रात्री 'वॉच' असेल, तर रेसट्रॅक रद्द. शनिवारी सकाळी उद्यानाच्या कार्यालयात रस्त्याची स्थिती विचारल्याखेरीज पुढे जायचे नाही. डांबर संपते तेथे दुपारी एकपर्यंत पोहोचलो नाही किंवा शिखरांवर काळे ढग दिसले, तर माघार. चौघांपैकी कोणीही 'परत' म्हटले, की वाद घालायचा नाही. बेताची प्रत शेजाऱ्यांकडे राहील आणि मंगळवारी सकाळी आठपर्यंत फोन आला नाही, तर ते उद्यानास कळवतील. कागदाच्या पाठीमागे दुसरा बेत होता: स्टोव्हपाइप वेल्स येथे मुक्काम, वाळूच्या टेकड्यांवर पदभ्रमण आणि बॅडवॉटरची सपाटी.

'वॉच' जारी झाला नाही. शनिवारी रस्ताही खुला होता. दुपारी साडेबाराला गाडी विवराजवळ पोहोचली, तेव्हा ऊन होते. मात्र पश्चिमेकडील शिखरे काळवंडली होती. मुलाने तिकडे पाहिले आणि मग वडिलांकडे. जावई म्हणाले, "बाबा, वेळेत आलो आहोत. पाच तास आलो, आता दोन तासांसाठी परतायचे?"

"पाच तास गेले ते गेले. पुढे जावे की नाही, याचा हिशेब त्यांना वगळून करायचा. पुढचे दोन तास, रात्रीचा मुक्काम आणि उद्या भिजलेल्या रस्त्याने परत येणे, एवढेच आता वहीत मांडायचे."

जावयांनी खिशातून कागद काढला, तिसरी ओळ वाचली आणि गाडी वळवली. मुलगा स्टोव्हपाइप वेल्सपर्यंत एक शब्द बोलला नाही.

त्या रात्री पाऊस पडला नाही. चांदणे स्वच्छ होते. सकाळी मुलाने तक्रार केलीच, "आजोबा, आपण उगीच परतलो."

"पुण्याच्या घराचा विमा तीस वर्षे भरतो आहे," आजोबा म्हणाले. "घराला आग लागली नाही, म्हणून हप्ते उगीच भरले म्हणायचे का?"

मुलगा हसला नाही, पण काही वेळाने त्याने विचारले, "पुढच्या हिवाळ्यात पुन्हा यायचे का?" आणि आईने होकार दिला.

निर्णय बरोबर होता की चूक, हे निकालावरून ठरवण्याची माणसाला सवय असते. पाऊस न पडता परतणे ही भित्रेपणाची खूण ठरते आणि धोका पत्करून सुखरूप येणे हे शहाणपण ठरते. या सवयीनेच पुढच्या वेळी माणूस एक पाऊल अधिक पुढे टाकतो. निर्णय घेताना हाती असलेल्या माहितीवर त्याची पारख करावी, हेच न्याय्य. म्हणून अनिश्चित हवामानात बाहेर पडणाऱ्यांनी सामानाची यादी करावीच. पण तिच्याआधी परतीच्या अटी लिहाव्यात, आणि त्या घरी, जेवणाच्या मेजावर, सर्वांच्या संमतीने लिहाव्यात.

तो कागद त्या गाडीच्या कप्प्यात अजून आहे. मुलाने त्यावर आपल्या हाताने सहावी ओळ लिहिली आहे: प्लाया ओला असेल, तर त्यावर पाऊल ठेवायचे नाही; ओल्या चिखलातील ठसे तेथे वर्षानुवर्षे राहतात.