पिझ्झा नको, वेळेवर घरी सोडा

सकाळी पनवेलला लोकलमध्ये बसायला जागा मिळते, कारण गाडी इथूनच सुटते. पनवेलकरांचं सुख तेवढंच. सीएसएमटीपर्यंत सव्वा तासाच्या वर, परत यायला तेवढाच वेळ, तोही बहुतेकदा उभ्याने. नऊ तासांची नोकरी आपल्याला जवळपास बारा तासांची पडते. स्टेशनपर्यंतची रिक्षा वेगळी.

अशा माणसाला ऑफिस काय देतं? 'वेलनेस वीक'. सुट्टीच्या वेळी झुंबा, मग पिझ्झा, मग ताण कसा घालवावा यावर व्याख्यान. माझ्या एका जुन्या ऑफिसात हे व्याख्यान संध्याकाळी साडेसातला संपलं. ऐकणारे सगळे घड्याळाकडे बघत होते. त्याच आठवड्यात टीममधल्या एकीने विचारलं होतं, "मुलीला पाळणाघरातून आणायचं असतं. सकाळी अर्धा तास लवकर येते, संध्याकाळी अर्धा तास लवकर सोडाल का?" उत्तर आलं, "एकाला दिलं की सगळे मागतील."

मागू देत की! सगळे मागतात म्हणजे गरज सगळ्यांचीच आहे.

आणि पाळणाघर म्हणाल, तर 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. तुमच्या ऑफिसात आहे का? झुंबा मात्र असेल.

1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून मागण्या मांडल्या. रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. पगार 15 तारखेपर्यंत हातात. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. यातली एकही मागणी मोघम नाही. पाळली की नाही, हे घड्याळ आणि कॅलेंडर बघून कुणालाही सांगता येईल. त्यातला रविवार मिळायला 1890 उजाडलं. आज आपण दुपारपर्यंत लोळतो तो रविवार कुणा मालकाला पाझर फुटला म्हणून मिळालेला नाही.

मग चांगल्या बॉसला काहीच किंमत नाही का? आहे. लोखंडे स्वतः गिरणीत नोकरी केलेले होते, म्हणून काय मागायचं ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. बॉसला ते ठाऊक नसेल तर त्याने विचारावं. तू कुठून येतोस? घरी आजारी कोण आहे? कुठली मीटिंग रद्द केली तर तुझी गाडी चुकणार नाही? आणि उत्तर ऐकून मान डोलावण्याऐवजी शिफ्टचा तक्ता बदलावा. तक्ता तोच राहिला तर त्या सहानुभूतीचं आम्ही काय करायचं?

तेव्हा पुढच्या वेळी एचआरने 'तुम्हाला कसं वाटतंय?' असा फॉर्म पाठवला, की स्मायली निवडून सोडून देऊ नका. खालच्या रिकाम्या चौकटीत लिहा: मला सहाला निघायचं आहे. शेजारच्यालाही तेच लिहायला सांगा.